जाम नदीवरचा वाकडा बंधारा

सांगलीत नदीकाठ सुधारण्यासाठी आमची एक समिती आहे आणि मी तिची चिटणीस आहे. दर महिन्याला बैठक होते, चहा होतो, भडंग होतं, काठावरच्या कचऱ्याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं आणि पुढच्या बैठकीची तारीख ठरते. कचरा मात्र आहे तिथेच असतो. जन्मभर शाळेत भूगोल शिकवल्यामुळे नदीवर मला बरंच बोलता येतं आणि समितीत तेवढंच लागतं.

शीलाताई खोडे मला नागपूरच्या एका शिबिरात भेटल्या. लहान गावांचा विकास, पाणी, लोकसहभाग असं सगळं त्या शिबिरात होतं. सगळे वक्त्यांची वाक्यं टिपून घेत होते आणि ह्या बाई मागच्या रांगेत बसून जुन्या साडीच्या पिशव्या शिवत होत्या. त्या पांढुर्ण्याच्या. मध्य प्रदेशातलं गाव, पण बोलणं मराठी. दसऱ्यानंतर त्यांचा फोन आला.

"बाई, आमच्या वॉर्डातल्या उकिरड्याचा आम्ही बगीचा केला. आता त्याच्यासाठी नदीचं पाणी अडवून राहिलो. दिवाळीले या. पण भाषण नाही हं करायचं. पोते भरायचे."

मुलगा आणि सून यंदा बंगळूरलाच राहणार होती. एकटीसाठी चकल्या तळत बसण्यापेक्षा पोती भरलेली बरी, असं म्हणून मी निघाले.

तिगाव, चुकून

नागपूरहून इटारसीच्या दिशेला जाणाऱ्या गाडीत समोरच्या बाईंशी चांगली गट्टी जमली. त्यांनी मला संत्री सोलून दिली, मी त्यांना भडंग दिलं. एका स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे पांढुर्णाच समजा." मी तसं समजले आणि उतरले. गाडी गेल्यावर पाटी वाचली, तर तिगाव; पांढुर्णा गप्पांत मागेच राहिलं होतं. भूगोलाच्या शिक्षिकेने पाटी वाचून मग उतरावं एवढी साधी अपेक्षा कोणीही करील.

शीलाताईंना फोन केला. त्या हसल्यासुद्धा नाहीत. थोड्या वेळाने मोटरसायकलवरून त्यांचे यजमान, वसंतराव, मला न्यायला आले. पांढुर्ण्यात त्यांचं सिमेंट, पत्रे, खिळे असल्या सामानाचं दुकान आहे. डोक्याला मफलर, कपाळाला गंध, आणि बोलण्यात पाहुण्याबद्दल काळजी.

"वाईट वाटून नका घेऊ जी," ते म्हणाले. "आमचे अर्धे पाहुणे तिगावलेच उतरतात."

मांडीवर बॅग आणि खांद्याला पर्स घेऊन मी ह्या वयात मोटरसायकलच्या मागे बसले. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा होत्या, झाडांना बांबूचे टेकू लावलेले, आणि मधल्या वावरांत कापूस फुटलेला. वसंतरावांचं लक्ष त्यात नव्हतं. पांढुर्णा नुकताच जिल्हा झाला होता आणि ते मला जिल्हा दाखवत होते. हा जिल्ह्याचा रस्ता, हे जिल्ह्याचं ऑफिस, ही जिल्ह्याच्या ऑफिससमोरची चहाची टपरी. तो चहा आम्ही प्यायलो. तालुका असतानाही तो तितकाच गोड असणार.

पांढुर्णा

गल्ली संपते आणि जाम नदी सुरू होते त्या मधल्या पट्टीवर हा बगीचा आहे. आमच्या सांगलीच्या मानाने इवलासा. कडुनिंब, कण्हेर, तुळशी, मेथी-पालकाचे वाफे, म्हाताऱ्यांना बसायला फरशीचे ओटे आणि कोपऱ्यात एक जुनी विहीर. पूर्वी सगळा वॉर्ड इथे कचरा टाकायचा. शीलाताई आणि गल्लीतल्या बायकांनी तो उपसून काढला. संध्याकाळी इथे बायका भाजी निवडायला बसतात आणि सासू-सुना एकाच ओट्यावर बसलेल्या मी स्वतः पाहिल्या. हे आमच्या समितीला कधीही जमलं नसतं.

अडचण विहिरीची होती. होळी आली की तिचा तळ दिसायचा आणि झाडं वाळायची. मागच्या उन्हाळ्यात अर्धी बाग गेली. तेव्हा वॉर्डाची बैठक झाली आणि ठरलं की आणखी एक उन्हाळा पाहायचा. त्यातही बाग वाळली तर जागा सपाट करून गाड्या उभ्या करायला द्यायची. गाड्यांची ही सूचना वसंतरावांची होती. दुकानासमोर गिऱ्हाइकांना गाडी लावायला जागा नाही ही त्यांची जुनी तक्रार.

"म्हणजे तुमच्या घरातूनच विरोध?" मी शीलाताईंना विचारलं.

"विरोध नाही, बाई. दुकान हाय त्याहिचं," त्या म्हणाल्या. "पण बगीचा गेला तर मी गल्लीतल्या बायांना तोंड नाही दाखवू शकत. अर्ध्या बायांच्या घरी मी सोता जाऊन सासवांच्या हातापाया पडली. तेव्हा त्या बाहेर पडल्या. आता त्या घरात परत जातीन तर पुन्हा नाही येनार."

उपाय साधा होता. पावसाळा संपल्यावर नदीची धार बारीक होते. रिकाम्या पोत्यांत वाळू-माती भरायची, दाभण-सुतळीने तोंडं शिवायची आणि पोती प्रवाहात आडवी रचायची. ह्याला तिथे बोरी बंधान म्हणतात. पाणी तुंबतं, जमिनीत मुरतं आणि काठच्या विहिरींना उन्हाळ्यापर्यंत पुरतं. पलीकडच्या काठावर सावरगाव आहे. त्यांच्याही विहिरींचा फायदा, म्हणून अर्धं काम त्यांनी करायचं होतं. त्या बाजूचे पुढारी नाना कामडे. हे शीलाताईंचे सख्खे भाऊ. नानांची बायको कुसुमताई ही वसंतरावांची सख्खी बहीण. साटंलोटं झालेलं. त्यामुळे दोघे पुरुष एकमेकांचे सालेही आहेत आणि जावईही, आणि दोघेही एकमेकांना "जवाईबापू" म्हणतात. इतक्या मानाने बोलणारी आणि इतकी न ऐकणारी माणसं मी एकत्र पाहिली नव्हती.

त्या संध्याकाळी कुसुमताई भेटायला आल्या होत्या. ओट्यावरून नदी दाखवत वसंतराव म्हणाले की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथेच गोटमार होते, दोन्ही काठांवरून. नदीत पळसाचं झाड रोवतात, त्यावरच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. आदल्या दिवशी एका पंगतीला जेवलेले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवणारे. मला ऐकूनच भीती वाटते, असं मी म्हणाले.

"आम्हालेही वाटते, बाई," कुसुमताई म्हणाल्या. "त्या दिवशी आम्ही देवापाशी बसून राहतो. डोकं कोनाचंही फुटो, आमचंच राहते."

मग त्यांनी माझ्या ताटलीत आणखी चिवडा घातला आणि विषय तिथेच संपला.

सौंसर

पोती आणायला आम्ही लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी बसने सौंसरला गेलो. तिथे शीलाताईंच्या ओळखीचे घागरे काका आहेत. मोठी संत्र्याची बाग, खताची पोती वर्षभर साठवून ठेवलेली. गळालेली संत्री ते फेकत नाहीत, बांधालगतच्या खड्ड्यात कुजवून झाडांनाच घालतात. त्या खड्ड्याजवळ उभं राहिलं की आंबटगोड वास येतो आणि नंतर दिवसभर तो पदरातून जात नाही.

सौंसर आता पांढुर्णा जिल्ह्यात आलं. काकांना ते पूर्ण पचलेलं दिसत नव्हतं.

"घेऊन जा पोते," ते म्हणाले. "जिल्हा तुमचा, पोते आमचे. असंच चालू राहू द्या."

"तुम्हीही याल नं पाडव्याले?" शीलाताईंनी विचारलं.

"मी येऊन काय करू? तुमची नदी, तुमचे भाऊ, तुमचे नवरे. मी येथूनच हात जोडतो."

पण जेवल्याशिवाय पोती मिळणार नाहीत ही अट होती. बागेतच गोवऱ्यांचा जाळ केलेला होता आणि त्याच्या निखाऱ्यात रोडगे भाजत होते, म्हणजे कणकेचे मुठीएवढे गोळे. राख झटकून ते फोडायचे, वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. आमच्याकडे पाहुण्याला "आणखी घेणार का?" असं विचारतात आणि तो नको म्हणाला की वाढणाऱ्याला हायसं वाटतं. इथे विचारतच नाहीत. मी हात आडवा धरला तर काकूंनी हाताच्या कडेने रोडगा सोडला. तिसऱ्या रोडग्यानंतर मला शाश्वत विकास, भूजल वगैरे काही आठवेना.

काकांनी विचारलं, "तुमच्या सांगलीले संत्रे होतात का?"

"नाही. हळद होते, द्राक्षं होतात."

त्यांना माझी कणव आली आणि त्यांनी एक पिशवीभर संत्री माझ्या हातात दिली.

परतीच्या बसमध्ये पोत्यांचे गठ्ठे टपावर मावले नाहीत. उरलेल्या गठ्ठ्यांवर मला बसवलं. खताच्या पोत्यांवर बसून मी पांढुर्ण्यापर्यंत सलग शिंकत आले आणि कंडक्टरने दर शिंकेला मला पाणी विचारलं. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

पाडवा

पाडव्याला तिकडे गायगोधन असतं. गाई-बैल सजवून वाजतगाजत फिरवतात. त्यामुळे कामाला सुरुवात व्हायला उशीर झाला, पण माणसं आली. ह्या काठावर वसंतरावांची फौज, त्या काठावर नानांची. नाना उंच, शिडशिडीत, पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळलेला. त्यांनी तिकडून हात जोडले, वसंतरावांनी इकडून जोडले. इथवर सगळं छान होतं.

पहिला खोळंबा दोरीवरून झाला. बंधारा सरळ यायचा तर ह्या काठावरून त्या काठावर दोरी ताणायला हवी. पण दोरी घेऊन पलीकडे जायचं कोणी? वसंतराव म्हणाले, "सावरगावनं यावं, दोरीचं टोक घ्यावं." नाना म्हणाले, "पांढुर्ण्यानं आणून द्यावं, आम्ही बांधून घेऊ." जेमतेम घोट्यापर्यंत पाणी होतं. कोणीही चार ढांगांत गेलं असतं. पण आपणहून जाणं म्हणजे कमीपणा, आणि दोन्ही काठांवर पाहणारे भरपूर होते. शेवटी दोन दोऱ्या आल्या. वसंतरावांनी बगीच्याच्या पायरीपासून नदीच्या मध्यापर्यंत आपली दोरी ताणली, नानांनी त्यांच्याकडच्या महादेवाच्या ओट्यापासून मध्यापर्यंत आपली. मध्यावर दोन खुंट्या ठोकल्या गेल्या. त्यांच्यात बैलगाडी निघून जाईल एवढं अंतर होतं.

हे मला दिसलं. शीलाताईंना दिसलं. ओट्यावरच्या म्हाताऱ्यांना चष्म्याशिवाय दिसलं. मी चहाच्या वेळी वसंतरावांना म्हणाले, "अहो, हे दोन बंधारे एकमेकांना भेटणार नाहीत."

"बाई, तुम्ही पोहे घ्या," ते म्हणाले.

मग चढाओढ लागली. तिकडे एक पोतं पडलं की इकडे दोन. आमच्या सांगलीच्या समितीला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण लोक वाळू भरायला फावड्यासाठी भांडत होते. मला दाभण दिलं होतं. मी पोत्यांची तोंडं शिवली आणि मधूनमधून स्वतःचं बोट. उन्हं कलायच्या आत दोन्ही भिंती मध्यापर्यंत आल्या, अगदी देखण्या, आणि एकमेकींच्या शेजारून निघून गेल्या. मधल्या फटीतून जाम नदी पूर्वीपेक्षा जोरात धावू लागली. पोती संपली होती.

दोन्ही पुढारी आपापल्या भिंतीच्या टोकावर उभे होते. दोघांनी वाकून हात पुढे केले असते तर टाळी देता आली असती.

"जवाईबापू, तुमचं जरा वाकडं आलं," वसंतराव म्हणाले.

"तुम्ही म्हणता तर असेल, जवाईबापू," नाना म्हणाले. "पण आमचं महादेवापासून निघालं. देवाचं वाकडं नाही राहत."

"मतलब आम्ही वाकवावं?"

"असं कसं म्हणीन मी. तुम्ही मोठे. फक्त आमचं पोतं हलनार नाही."

दोन्ही बाजूंची माणसं हात-पाय धुऊन घरी गेली. इतका वेळ मला हसू येत होतं, पण बगीच्यात येऊन पाहिलं तर शीलाताई विहिरीच्या काठाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे भरले होते. फटीतून असं पाणी धावत राहिलं तर दोन्ही भिंतींची टोकं दोन-चार दिवसांत धुऊन जाणार, हे त्यांना कळत होतं. मला त्या दोन म्हाताऱ्या पोरांचा मनापासून राग आला. शीलाताई मात्र त्यांच्याबद्दल काही बोलल्या नाहीत. डोळे पुसून त्यांनी कुसुमताईंना फोन लावला आणि आत जाऊन बराच वेळ बोलत बसल्या.

भाऊबीज

भाऊबिजेच्या सकाळी नदीवरच्या पुलावर दोन्ही बाजूंनी बायकांची रांग होती. पांढुर्ण्यात दिलेल्या सावरगावच्या लेकी ओवाळायला तिकडे निघालेल्या आणि सावरगावात दिलेल्या इकडच्या लेकी इकडे येत होत्या. हातात रुमालाने झाकलेली ताटं. शीलाताईही माहेरी गेल्या. मी घरीच थांबले, कारण कुसुमताई येणार होत्या आणि शीलाताईंनी मला सांगून ठेवलं होतं, "बाई, तुम्ही साक्षीला राहा."

वसंतराव नवा सदरा घालून पाटावर बसले. कुसुमताईंनी टिळा लावला, अक्षता टाकल्या, ओवाळलं. वसंतरावांनी खिशातून पाकीट काढून ताटात ठेवलं. कुसुमताईंनी ते उचलून त्यांच्या मांडीवर परत ठेवलं आणि ताट पुढे धरूनच राहिल्या.

"यंदा हे नको, दादा. मले पोते पाहिजे."

"पोते?"

"भरलेले. मी जेथं सांगीन तेथं टाकायचे."

वसंतरावांना एकदम सगळं कळलं. ते पाटावर सावरून बसले. "म्हणजे मी सावरगावचं बंधान जोडून देऊ? लोक काय म्हनतीन?"

"सावरगावचं कोन म्हणते? माह्यं आहे ते. बहिणीले ओवाळणी दिली तर लोक काय म्हनतीन? काहीच नाही म्हनत."

"पोते संपले नं पण."

"दुकानात माळ्यावर सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचे गठ्ठे आहेत," कुसुमताई म्हणाल्या. "वहिनीनं सांगितलं."

निरांजन ताटात तेवत होतं. भावाने ओवाळणी घातल्याशिवाय बहीण ताट खाली ठेवत नाही आणि ताट खाली ठेवल्याशिवाय भाऊ पाटावरून उठत नाही. वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. कुसुमताईंचा हात दुखत असणार, पण तो हलला नाही.

"आण चावी," वसंतराव शेवटी म्हणाले.

त्याच वेळी पलीकडे शीलाताईंनी नानांपुढे असंच ताट धरलं होतं. नानांनी म्हणे आधी महादेवाचं नाव घेऊन पाहिलं. आणि एवढ्यावर थांबलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या फोनांमुळे दोन्ही काठांवरच्या घराघरांत लेकींनी आपापल्या भावांकडे तीच ओवाळणी मागितली होती. दुपारी नदीवर जाऊन पाहते तर नव्या सदऱ्यातले, कपाळावर टिळे लावलेले भाऊ पाण्यात उभे. कोणी गव्हाचं पोतं रिकामं करून आणलं होतं, कोणी खताचं, एका भावाने तर उशीचा अभ्रा आणला होता. त्याच्या बहिणीने तो आधी उलटसुलट करून तपासला.

फट भरायची जागा बहिणींनी ठरवली. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत एक तिरपी भिंत. दोन्ही बाजूंनी भाऊ पोती आणत होते आणि मध्ये पदर खोचलेल्या बायका कुठे टाकायचं ते दाखवत होत्या. आता ह्यात पांढुर्णा नव्हतं आणि सावरगावही नव्हतं. जो तो आपल्या बहिणीचं काम करत होता. शेवटच्या पोत्याला वसंतराव आणि नाना समोरासमोर आले.

"जवाईबापू, जरा तुमच्याकडे घ्या."

"घेतलं, जवाईबापू. बोट सांभाळा."

पोतं बसलं. धार बारीक झाली, नुसती झिरपू लागली आणि मग पाणी थांबलं. तयार झालेला बंधारा इतका वाकडा होता की मी वर्गात फळ्यावर काढला असता तर पोरं हसली असती. सगळे काठावर बसून पाण्याकडे पाहत राहिले. ते हळूहळू बगीच्याच्या खालच्या पायरीला लागलं तेव्हा शीलाताईंनी माझा हात घट्ट धरला आणि सोडलाच नाही. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला आमच्या समितीत कधी वाटलेलं नाही.

सांगली

परत आल्यावर मी बैठकीत हे सगळं सांगितलं. सदस्यांनी मन लावून ऐकलं, सौंसरची संत्री खाल्ली आणि आपल्याकडेही असं काही व्हायला पाहिजे यावर एकमत झालं. मी चिटणीसपद सोडलं आणि पुढच्या रविवारी खराटा घेऊन घाटावर गेले. सध्या आम्ही तिघी असतो.

चैत्रात, भर दुपारी, शीलाताईंचा फोन आला.

"बाई, काही बोलू नका. आयका फक्त."

त्यांनी फोन कुठेतरी धरला. रहाट कुरकुरला, दोर सुटत गेला आणि खाली खोल नाही, अगदी जवळच, बादली पाण्यात बुडाल्याचा आवाज आला.

"मागच्या साली या दिवसांत नुसती गोट्यावर वाजे," त्या म्हणाल्या. "आयकलं का?"

"पुन्हा एकदा सोडा बादली," मी म्हणाले. रहाट पुन्हा कुरकुरला आणि तेवढ्यात मागून वसंतरावांचा आवाज आला. ते कोणावर तरी तापले होते.

"ओ भाऊ, ते गाडी हटवा पहिले तेथून. दिसत नाही का, बगीचा आहे हा."